मदत हवी आहे: दोघांनी मिळून सिगारेट सोडली, आता पाळ्या वेगळ्या झाल्या

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. मी आणि माझ्याच लाइनवरचा मित्र, दोघांनी ठरवून एकाच दिवशी सिगारेट सोडली. अजून फार दिवस झालेले नाहीत. सोडताना आमचं एवढंच ठरलं होतं की तलफ आली की एकट्याने गेटबाहेर जायचं नाही, आधी दुसऱ्याला हाक मारायची. मशीनवरून नुसता हात वर केला तरी समोरच्याला कळायचं. मग दोघं पाण्याच्या कूलरपाशी जायचो, तोंडात लवंग टाकायची, काहीबाही बोलायचं आणि परत कामाला लागायचं. हे चांगलं चाललं होतं.

या सोमवारपासून त्याला नाइट लागली आणि मला फर्स्ट. त्याला रात्री तीनच्या चहाला तलफ येते तेव्हा मी गाढ झोपेत असतो. मला दुपारच्या जेवणानंतर येते तेव्हा तो झोपलेला. काल सकाळी सातला गेटवर भेटला तर डोळे लाल. म्हणाला, "भाऊ, झोपच लागत नाही रे. पोरगी नुसती जवळ आली तरी खेकसतो तिच्यावर." त्याने एकही ओढलेली नाही, पण तो एकटा पडलाय हे मला दिसतंय आणि त्याची फार काळजी वाटते.

गेटला लागूनच टपरी आहे. सुटी सिगारेट-बिडी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी तिथे सुटी मिळतेच. माझ्या मते खरा धोका त्या सुट्या सिगारेटचा आहे. अख्खं पाकीट घ्यायला माणूस दोनदा विचार करतो, एकीला करत नाही.

तर विचारायचं हे की, वेगवेगळ्या पाळीत असताना एकमेकांना धीर कसा द्यायचा? मी रोज "ओढली नाहीस ना?" विचारलं तर त्याला पहारा ठेवल्यासारखं वाटेल. आणि काहीच विचारलं नाही तर वाटेल, याला काही पडलेलीच नाही. दुसरं, त्याने मेडिकलमधून निकोटीनची च्युइंगम आणली होती. ती खाल्ली की उचक्या आणि पोटात जळजळ, म्हणून ठेवून दिली. शिवाय सोडल्यापासून त्याचा खोकला वाढलाय. "सोडून हे असं होणार असेल तर सोडायची कशाला," असं परवा बोलून गेला. त्याला काय सांगू?

गोदाकाठ:
आधी खोकल्याचं सांगा त्याला, कारण माणूस तिथेच कच खातो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात, घाण वर ढकलणारे. धुराने ते मंदावलेले असतात. धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ वर येऊ लागतो, म्हणून काही दिवस खोकला जास्त वाटतो. हे बरं होण्याचं लक्षण आहे. मात्र कफातून रक्त आलं, दम लागला किंवा खोकला आठवडेच्या आठवडे थांबला नाही, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवायचंच.

आता च्युइंगम. साध्या च्युइंगमसारखी भराभर चघळली की निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, त्यानेच उचक्या आणि जळजळ होते. ती सावकाश चावायची. तिखट, झिणझिण्या आणणारी चव आली की चावणं थांबवून गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायची. चव गेली की पुन्हा थोडी चावायची आणि पुन्हा गालात. अर्धा तास एक पुरते. आणि चहाबरोबर मुळीच नाही! चहा, कॉफी, लिंबू सरबत यांनी तोंड आंबट झालं की निकोटीन नीट शोषलंच जात नाही, त्यामुळे आधीची १५ मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. रात्री तीनचा चहा असेल तर त्याच्या आधीच च्युइंगम संपलेली हवी, नाहीतर चहा झाल्यावर पाव तास थांबून घ्यायची. २ मिलिग्रॅमची दुकानात सरळ मिळते. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागायची असा माणूस असेल, तर कमी डोसने भागत नाही अशी तक्रार बऱ्याचदा येते. तेव्हा डॉक्टरांना विचारा, आणि हृदयाचा त्रास असेल तर आधीच विचारा.

झोपेबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर बाहेर टाकत असतं. सिगारेट सुटली की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. रात्रपाळीत चार-पाच कप होत असतील तर सकाळी झोप कुठून येणार? चहा निम्म्यावर आणा, आणि पहाटेचा कप तर बंदच.

सिन्नरची लेक:
दादा, तुमचा पहाऱ्याचा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझी आई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, भिजवून कापलेली टेंभुर्णीची पानं, चिमूटभर जर्दा, बोटांनी वळून वर दोरा. वडील त्यातल्याच ओढायचे. त्यांनी सोडायचं ठरवलं ते घरात ढीग समोर असताना. आई त्यांना "ओढली का" असं कधी विचारत नसे. विचारायची, "आज कधी जड गेलं?" बस. मग वडील आपणहून सांगायचे, दुपारी, भाकरी खाल्ल्यावर. दुसऱ्या दिवशी भाकरी झाली की आई त्यांना पाणी भरायला नाहीतर शेजारी निरोप सांगायला पाठवायची. विचारणं असं असावं की उत्तर देताना माणसाला खाली बघावं लागू नये.

वहिनींनाही विश्वासात घ्या. चिडचिड होते ती निकोटीन तुटल्याने होते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट, मग हळूहळू उतरते, बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत. हे घरच्यांना माहीत असलं की तो खेकसला तरी त्या मनाला लावून घेणार नाहीत. पोरीलाही सांगता येतं, बाबाला बरं व्हायला वेळ लागतोय. आणि हो, सिगारेट सोडलेला माणूस "त्यापेक्षा बिडी बरी" म्हणत तिकडे वळतो, ते होऊ देऊ नका. बिडी हलकी नसते. तिच्यातून निकोटीन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच जातं.

पाथर्डीफाटा:
मी अंबडला आहे, नाइटच जास्त केल्या. माझा अनुभव असा की तलफ पाच मिनिटं टिकते, फार तर दहा. तेवढा वेळ काढला की उतरते. प्रश्न त्या पाच मिनिटांपुरता आहे, आणि त्यासाठी तुम्ही जागं असायलाच हवं असं नाही. झोपण्याआधी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज करून ठेवा. उपदेश नको. दिवसभरात काय झालं ते सांगा, सेटिंग बिघडलं, साहेब काय म्हणाले, कांद्याचा भाव काय झाला. त्याने तो तीनच्या चहालाच ऐकायचा, आधी नाही. तसाच त्याने पहाटे तुमच्यासाठी करून ठेवायचा, तुम्ही दुपारी जेवणानंतर ऐका. मी आणि माझ्या मेव्हण्याने असंच केलं.

शिवाय सकाळी सातला तुम्ही दोघं गेटवर असताच की! तो सुटतो, तुम्ही जाता. दहा मिनिटं आधी पोहोचा आणि टपरीच्या उलट्या दिशेला दोघं चालत जा. खिशात मनुके किंवा भाजके चणे ठेवा. आपल्या नाशिकात मनुक्यांना काय तोटा. फक्त साखरेचा त्रास असेल तर चणेच.

गोदाकाठ:
एक राहिलं. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा आहे, फुकट आहे. समुपदेशक बोलतात आणि पुढेही विचारपूस करतात. त्याने ड्युटीला निघण्याआधी, दिवसाउजेडी करावा. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटतं असं काही बोलला, तर वाट न बघता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन, १४४१६, चोवीस तास. आणि एखाद्या रात्री एक ओढलीच, तर "सगळं गेलं" असं म्हणू देऊ नका. उरलेली फेकून तिथूनच पुढे.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिन्नरच्या ताई, तुमचा प्रश्न आज सकाळी तसाच विचारला. तो थांबला आणि म्हणाला, "तीनला नाही रे, साडेचारला. काम संपत आलेलं असतं, हात रिकामे असतात." मी इतके दिवस तीनच धरून बसलो होतो. खोकल्याचं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. च्युइंगम पुन्हा सुरू करतोय, सावकाश चावून. पहिला आवाजी मेसेज आज रात्री करून ठेवतो.

पाथर्डीफाटा:
साडेचारला मी जागाच असतो, या महिनाभर नाइटलाच आहे. त्याला चालणार असेल तर माझा नंबर द्या. व्यक्तिगत निरोपातून पाठवतोय. मेसेज संपला तरी माणूस हवासा वाटतो, तेव्हा सरळ फोन करायचा.

धागाकर्ता:
त्याला विचारलं, हो म्हणाला. आज पहाटे साडेचारला तुम्हाला फोन येईल. अनोळखी माणसाशी तो सुरुवातीला कमी बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. क्रिकेटचा विषय काढलात तर बोलेल.