मदत हवी आहे: मसावि (दोन्ही संख्यांना भागणारी मोठ्यात मोठी संख्या) भागाकाराने का निघतो, हे सहावीतल्या मुलीला कसं सांगू?

२४ आणि ३६ चा मसावि लेक चुटकीसरशी १२ सांगते. पण ३९१ आणि ६६७ आले की अवयव पाडताना रडकुंडीला येते. २, ३, ५, ७ कशानेच भाग जात नाही ना! म्हणून भागाकार पद्धत दाखवली. ६६७ ला ३९१ ने भागलं, बाकी २७६. मग ३९१ ला २७६ ने, बाकी ११५. पुढे ४६, २३ आणि शून्य. मसावि २३.

आता बाईसाहेब विचारतात, "पण बाकीनेच का भागायचं?" दोन्ही संख्यांना भागणारा विभाजक त्यांच्या वजाबाकीलाही भागतो, हे मला माहीत आहे. बीजगणिताशिवाय तिच्या गळी कसं उतरवू? कागदाचा आयत घेऊन त्यातून मोठ्यात मोठे चौरस कापत जाणं कुणी करून पाहिलंय का?