भीती रंगवलेली होती की धोका खरा होता?

पैलतीर : "७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांनी 'द पॉवर ऑफ नाइटमेअर्स' हा माहितीपट खोटा पाडला," असे परवा इथे एकाने लिहिले, ते वाचून राहवले नाही. ॲडम कर्टिस यांनी २००४ साली बीबीसीसाठी केलेल्या त्या तीन भागांत दहशतवादी नाहीतच, असा दावा नाही. अल-कायदा ही जगभर पसरलेली, एका हुकमावर चालणारी संघटना आहे, हे चित्र अवास्तव आहे आणि सुंदर भविष्याची आश्वासने फोल ठरल्यावर राजकारण्यांनी संकटापासून वाचवण्याचे आश्वासन देऊन आपला अधिकार टिकवला, असे त्यांचे म्हणणे आहे. खोडायचे असेल तर ते खोडावे.

चालता-बोलता : मी त्या दिवशी लंडनमध्ये होतो. माझी पत्नी रोज भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने रसेल स्क्वेअरला उतरत असे. सकाळपासून तिचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी ती चपला हातात घेऊन, टाचा सोललेल्या अवस्थेत चालत घरी आली. ५२ माणसे गेली. दिवसभर माझ्या पोटात जो गोळा होता, तो कोणत्याही पंतप्रधानाने घातलेला नव्हता. शिवाय हल्लेखोरांचा म्होरक्या आधी पाकिस्तानात जाऊन आला होता आणि त्याच्या चित्रफितीत अल-कायदाचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता बोलत होता. मग संघटना नव्हती, हे कसे मानायचे?

पैलतीर : धागा पाकिस्तानपर्यंत जात होता, हे मान्य करावे लागेल, तिथे माहितीपट तोकडा पडतो. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटनच्या ब्लेअर सरकारने दहशतवादाच्या संशयितांना आरोपाविना ९० दिवस कोठडीत ठेवण्याची मागणी केली आणि संसदेने ती ३२२ विरुद्ध २९१ मतांनी फेटाळली, हेही विसरू नये.

अबोली : कोठडी दूरच, दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली संशय नसतानाही झडती घेता येत असे. माझ्या भावाला एका महिन्यात तीनदा अडवले. भर फलाटावर शिपायाने त्याचा डबा उघडून हातमोजा घातलेल्या बोटाने थालीपीठ उलटेपालटे केले. भावाने ते पुढे खाल्ले नाही. हे कलम मानवी हक्कांचा भंग करते, असे युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले, तोवर किती जणांची अशी शोभा झाली असेल!

चालता-बोलता : डबा उघडल्याने कोणाचा जीव जात नाही. ५२ घरांपुढे थालीपिटाचे दुःख मांडताना थोडा विचार करावा.

अबोली : जीवही गेला आहे. २२ जुलैला स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी ब्राझीलच्या ज्या तरुणाला गोळ्या घातल्या, त्याचा स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता. तोही आपल्यासारखा कामावरच निघाला होता. त्याचे घर तुमच्या हिशेबात का धरत नाही?

चालता-बोलता : धरायला हवे होते. थालीपिटाबद्दल लिहिलेले शब्द मागे घेतो. माहितीपटाबद्दलचे मत मात्र बदललेले नाही. हवे तर तिसरा भाग पुन्हा पाहीन. पत्नी पाहणार नाही. त्या दिवसानंतर ती पिकॅडिली लाइनमध्ये एकदाही बसलेली नाही.