जुन्या फोर्डचा कंप्युटर उपटून टाकायचा की सांभाळायचा?

मिशिगनची_जुनी_फोर्ड (धागाकर्ता)
काल इथल्याच एका सभासदाने लिहिलं, '१९८५ ची एफ-१५० पिकअप, ४.९ लिटर, सहा सिलिंडर. कंप्युटरवाला कार्बुरेटर काढून साधा बसवला, जेवणाआधी काम संपलं.' खाली वाहवा सुरू झाली. मला राहवलं नाही.

नुसता कार्बुरेटर बदलून भागत नाही हो! प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या त्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणगी आपोआप आधी सरकवणारा ना वजनांचा ॲडव्हान्स आहे, ना व्हॅक्यूमचा. ठिणगी किती आधी टाकायची हे ईईसी-फोर, म्हणजे गाडीचा कंप्युटर, ठरवतो. तो बंद केला की टायमिंग १० अंशांवर अडकतं. गाडी सुरू होते, गल्लीत फिरते, चढाला मात्र धापा टाकते आणि पेट्रोल पिते. करायचंच तर पुरतं करा. ड्युरास्पार्क-टूचा (फोर्डचीच कंप्युटरशिवाय चालणारी जुनी इग्निशन) डिस्ट्रिब्युटर, त्याचं मॉड्यूल, कॉइल, कॉइलच्या वाटेतली रेझिस्टन्स वायर, आणि मग साधा कार्टर वायएफ कार्बुरेटर.

मुळात दोष कंप्युटरचा आहे का, हे कोणी बघितलं? माझीही गाडी स्लोला थरथरायची. काट्याचा व्होल्टमीटर लावून कंप्युटरची सेल्फ टेस्ट घेतली. काटा चार वेळा हलला, थांबला, मग एकदा हलला. कोड ४१, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर म्हणतोय मिश्रण पातळ आहे. मी नवा सेन्सर आणला, पुन्हा ४१. शेवटी टॉर्च घेऊन कार्बुरेटरच्या मागे डोकं घातलं. करंगळीएवढी व्हॅक्यूमची नळी कोपऱ्यात चिरली होती. चिरेवर बोट दाबलं आणि इंजिनची थरथर थांबली. फूटभर नळी बदलली, पुढच्या टेस्टला कोड ११, सगळं ठीक. सेन्सर खरंच सांगत होता, हवा दुसरीकडून शिरत होती. ही नळी तशीच ठेवून साधा कार्बुरेटर बसवला असता तर तोही थरथरलाच असता.

टेक्सासचा_उन्हाळा
तुमच्या थंड हवेत हे ठीक आहे. माझ्याकडे तेच इंजिन, १९८६ चं. डिस्ट्रिब्युटरच्या अंगालाच चिकटवलेलं टीएफआय मॉड्यूल, म्हणजे ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा, तापलं की गाडी बंद. अर्धा तास थांबा, निवलं की चालू. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आई भारतातून आलेली, सोबत होती. हायवेच्या कडेला, १०५ फॅरनहाइटमध्ये, सत्तरीची बाई ओढणीने वारा घेत बसलेली मी पाहिली आहे. त्याच आठवड्यात ड्युरास्पार्क बसवला. मॉड्यूल लांब फेंडरवर, तापायचा प्रश्नच नाही. सहा वर्षं झाली, एकदाही रस्त्यात थांबलो नाही. तुमचे ते काट्याचे कोड वाचणारा मेकॅनिक माझ्या गावात एकही उरलेला नाही. व्होल्टमीटर दाखवला तर तोंडाकडे बघतात.

मिशिगनची_जुनी_फोर्ड
आईंना त्रास झाला, वाईट वाटलं. पण ते मॉड्यूलचं दुखणं आहे, कार्बुरेटरचं नाही. नवं मॉड्यूल बसवताना पाठीला थर्मल ग्रीस लावलं होतं का? ते विसरलं की मॉड्यूल लवकर जळतं.

टेक्सासचा_उन्हाळा
लावलं होतं. तिन्ही वेळा. मला शिकवू नका.

बे_एरियातून
दोघांनीही कायद्याचा विषय काढला नाही. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (प्रदूषण तपासणी) आहे, आणि तिथे बॉनेट उघडून मूळ भाग आहेत का ते बघतात. माझ्या आधीच्या मालकाने असंच 'साधं' करून ठेवलं होतं. गाडी नापास. भंगारवाल्यांकडे मूळ कार्बुरेटर शोधण्यात माझे चार महिने गेले. तुमच्या राज्यात तपासणी नसेल, पण प्रदूषणाची यंत्रणा काढायला केंद्राच्या क्लीन एअर ॲक्टचीही मनाई आहे. धूर साफ करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिस्टला मिश्रण १४.७ च्या (एका भाग पेट्रोलला तितके भाग हवा) आसपास लागतं, म्हणून तर तो सेन्सर. निदान काढलेले भाग फेकू तरी नका!

सांगलीची_जिप्सी
आमच्याकडे १९९८ ची कार्बुरेटरवाली जिप्सी आहे. कंप्युटर नाही, काही नाही. आणि तरी वाट लागली, कारण पंपावरचं पेट्रोल! २० टक्के इथेनॉल. कार्बुरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी डायफ्रॅम फुगून पापडासारखा वाकडा झाला होता, फ्लोटच्या वाटीत पांढरा थर. वर्षात दोनदा कार्बुरेटर उघडला. जुन्या गाडीवाल्याला साधं पेट्रोल मिळायची सोयच ठेवली नाही.

ऊसवाला_वाळवा
इथेनॉलला शिव्या देण्याआधी आमच्या घरी या. एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची असा १९६६ चा आदेश आहे, आणि आम्ही बिलासाठी सहा-सहा महिने खेटे घातलेत. कारखान्याला इथेनॉलचे पैसे यायला लागले तेव्हा कुठे बिल वेळेत दिसायला लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला होता. तुमचा शे-दोनशेचा रबराचा तुकडा महत्त्वाचा, का आमचं वर्षाचं बिल?

सांगलीची_जिप्सी
मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, माझ्याही घरचा ऊस कारखान्याला जातो. पण भुर्दंड माझ्या खिशाला का? रबर शे-दोनशेचं असेल, मेस्त्रीचा दिवस आणि माझा खाडा कोण भरून देणार? पंपावर एक नळी साध्या पेट्रोलची ठेवा, एवढंच मागतोय.

ऊसवाला_वाळवा
मग तसं लिहा ना. 'पेट्रोलने वाट लावली' असं लिहिलं की आम्हालाच लागतं. वेगळी नळी ठेवली तर आमची हरकत नाही.

मिशिगनची_जुनी_फोर्ड
भांडण थांबवा, यातच माझा मुद्दा आहे. पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. इथेनॉल वाढलं आणि जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तोच राहिला की मिश्रण पातळ पडतं. माझा सेन्सरवाला कार्बुरेटर हे ओळखतो आणि त्याच्या मर्यादेत पेट्रोल वाढवतो. जिप्सीला मोठा मेन जेट हाताने घालावा लागेल. प्लग काढून बघा, पांढरे पडले असतील तर हेच कारण.

सांगलीची_जिप्सी
प्लग पांढरेच आहेत. जेटचं मेस्त्रीला विचारतो.

टेक्सासचा_उन्हाळा
इथेनॉलचं मान्य. मीही जेट एक नंबर मोठा घातला, तेव्हाच गाडीचं अडखळणं गेलं. पण ते काम मी स्वतः स्क्रूड्रायव्हरने केलं, कोणाच्या दारात न जाता. म्हणून माझा सल्ला बदलत नाही.

दुपारी_काम_केलं
कालची पोस्ट माझीच. इतक्या लोकांनी झापल्यावर आज बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटर मूळचाच आहे, बाजूला टीएफआय मॉड्यूल तसंच. चढावर गाडी मरते याचा दोष मी नव्या कार्बुरेटरला देत होतो. कंप्युटर परत लावणार नाही, ते मला पटलेलं नाही. पण ड्युरास्पार्कचा डिस्ट्रिब्युटर आणि मॉड्यूल मागवलं आहे. जुना कार्बुरेटर अजून गॅरेजमध्ये खोक्यात आहे, बे एरियातल्यांना हवा असेल तर निरोप टाका.