एक्सपी-६० रीपरला जोडला, आता प्रत्येक सूर दोनदा वाजतोय

काळी_दोन, लालबाग

मंडळी, पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. हळदी, लग्नं, गणपतीचे कार्यक्रम. रोलँड एक्सपी-६०च्या मागून दोन जॅक काढून मिक्सरवाल्याच्या हातात दिले की आपलं काम संपलं. आता स्टँड उचलायची कंबर राहिली नाही, म्हणून चाळीतल्या खोलीतच रेकॉर्डिंग मांडलंय. लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, दोन इनपुटचं साउंड कार्ड. कार्डाला मिडीची (वाद्य आणि कॉम्प्युटर जोडायची तार) पाच पिनांची गोल भोकं आहेत. या कीबोर्डला यूएसबी नाही, त्यामुळे मिडीच्या दोन केबल लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, आउट टू इन, इन टू आउट.

तेव्हापासून स्ट्रिंग्ज विचित्र वाजतात. पत्र्याच्या पिंपात बसून वाजवल्यासारख्या. दोन्ही हातांनी कॉर्ड धरली की आधीचे सूर मध्येच तुटतात. स्टेजवर हे कधीच झालं नाही.

दुसरं, रेकॉर्ड केलेलं क्लिकच्या (ताल देणारी टकटक) किंचित मागे पडतं. ढोलकीवाला म्हणतो, "दादा, तुम्ही ओढताय." मी ओढत नाही हो.

तिसरं, चार्जर लावला की हूं... असा आवाज.

आणि शोभा झाली ती वेगळीच. एका मंडळाचं गाणं केलं, रेंडर मारलं, म्हणजे सगळं मिसळून एक फाइल बनवायला सांगितली, वीस सेकंदांत तयार. खूश होऊन न ऐकताच पाठवली. खजिनदाराचा फोन: "बासरीचे पैसे लावलेत, बासरी आहे कुठे?" बासरी नव्हती, स्ट्रिंग्ज पण नव्हत्या. नुसती ढोलकी आणि गायक.

सोल्डर_आणि_सूर

दादा, खजिनदाराचं आधी. मिडी ट्रॅकमध्ये आवाज नसतोच. तो वादकापुढचा कागद. कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली एवढंच त्यात असतं, वाजवणारा तुमचा एक्सपी. वीस सेकंदांत रेंडर झालं म्हणजे लॅपटॉपने कीबोर्डला विचारलंच नाही. कीबोर्डचे दोन जॅक कार्डाच्या दोन इनपुटमध्ये घाला, मिडी वाजू द्या आणि तो आवाज वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर पूर्ण लांबीने रेकॉर्ड करा. चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटं जाणारच. एका वेळी एकच वाद्य घ्या, बाकीचे मिडी ट्रॅक म्यूट. एक्सपीत मोठा इफेक्ट एकच आहे, वेगवेगळं घेतलंत तर बासरीला तिचा, स्ट्रिंग्जना त्यांचा मिळेल.

आता पिंप. पट्टी दाबली की सूर दोन वाटांनी जातो. एक थेट कीबोर्डच्या पोटात, दुसरा केबलने रीपरमध्ये आणि तिथून परत कीबोर्डमध्ये. तोच सूर काही मिलिसेकंदांनी पुन्हा वाजतो, म्हणून तो पत्रा. आणि सूर तुटतात त्याचा हिशोब बघा. आपण ज्याला टोन म्हणतो त्याला रोलँड पॅच म्हणतं, आणि एका पॅचमध्ये त्यांचे चारपर्यंत टोन असतात. एक्सपी-६० एका वेळी एकूण ६४ आवाज वाजवू शकतो. चार टोनांची जाड स्ट्रिंग घेतली की उरले १६ सूर, दोनदा वाजले की ८. दोन हातांची कॉर्ड आणि आधीच्या सुरांची शेपूट, संपलं. कीबोर्डच्या सिस्टिममध्ये मिडीच्या पानावर लोकल स्विच आहे, तो ऑफ करा, मग थेट पोटातली वाट बंद.

खाडीपलीकडचा

सोल्डरभाऊंचं निदान बरोबर, पण औषध मी वेगळं देईन. लोकल ऑफ केलं की प्रत्येक सूर रीपरला वळसा घालून येणार. बफर (लॅपटॉप थोडं थोडं साठवून पुढे देतो तो तुकडा) मोठा असेल तर हाताला जड लागतं, आणि स्टेजवर वाजवलेल्या माणसाला ते लगेच कळतं. लोकल ऑनच ठेवा, रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा, म्हणजे आलेला सूर तो परत पाठवणार नाही. वाजवताना कीबोर्ड स्वतःचा स्वतः वाजेल, प्लेबॅकला रीपर वाजवेल. शिवाय लोकल ऑफ ठेवून कार्यक्रमाला गेलात तर स्टेजवर पट्ट्या दाबत बसाल आणि आवाज शून्य. माझं झालंय, मुलुंडला, साउंडचेकला.

मागे पडण्याबद्दल. स्ट्रिंग्जवर मोजू नका, त्यांचा आवाज मुळातच हळू उमलतो. रिमशॉटचा कडक टोन लावा, मिडीत बरोबर ठोक्यावर माउसने लिहा, ऑडिओ रेकॉर्ड करा आणि झूम करून बघा ठोक्याच्या रेघेपासून किती सॅम्पल (आवाजाचे बारीक तुकडे, सेकंदाला हजारो) लांब पडलाय. तेवढा आकडा रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ऑफसेट म्हणून टाका. थोडा फरक मिडीचाच. १९८३ सालची तार, सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका सुराला साधारण १ मिलिसेकंद, आणि सूर एकामागून एक जातात. सहा बोटांची कॉर्ड रांगेतूनच येते, तेवढं सोडून द्या.

मीटर_रीडर

फक्त हूं बद्दल. चार्जर काढल्यावर जातो ना? मग बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या तारांमधून विजेचा झालेला फेरा. सगळं एकाच बोर्डावर लावा, नाही गेला तर कीबोर्ड आणि कार्डाच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (तारांची थेट जोडणी तोडून फक्त आवाज पुढे देणारा डबा) घाला, दोन चॅनेलचा. कोणी सांगेल चार्जरची तिसरी पिन तोड. तोडू नका. आधी चाळीत अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, आमच्याकडे प्लगला तीन भोकं होती आणि मागे वायर दोनच.

काळी_दोन, लालबाग

पहिलं पिंपाचं. मॉनिटरिंग बंद केलं, लोकल ऑनच. दहाही बोटं ठेवून बघितली, एक सूर तुटला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, आज बरं वाजवतोयस.

रिमशॉटचा आकडा आला ३९० सॅम्पल, सेकंदाला ४८,००० धरून, म्हणजे ८ मिलिसेकंद. टाकला. ढोलकीवाल्याला मुद्दाम घरी बोलावून ऐकवलं, तो काही बोलला नाही. त्याच्याकडून एवढं पुष्कळ.

वायरमन आला, तिसऱ्या भोकामागे आमच्याकडेही काहीच नाही. अर्थिंगचं काम चाळ कमिटीकडे गेलंय, म्हणजे कधी होईल ते गणपतीलाच ठाऊक. तोवर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करतोय, चाळीस मिनिटं मिळतात. आधी बासरी घेतली.