प्रति: कंबरदुखीनंतरचा व्यायाम

दुखणं ओसरलं की सूर्यनमस्कार हळूहळू सुरू करावेत, हे या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय ते पटतं. पण ते 'पहाटे उठल्या उठल्या' घालावेत, या सल्ल्याला माझा सक्त विरोध. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात (सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच), आणि अशा टम्म चकतीवर पुढे वाकलं की ताण बराच जास्त येतो. गॅसचा सिलिंडर उचलताना माझी चकती सरकली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिला नियम घातला तो हाच: उठल्यावर तासभर कंबरेतून वाकायचं नाही. बेसिनपाशीसुद्धा एक हात कट्ट्यावर टेकवून तोंड धुवायचो. मोजे बायको घालून द्यायची, आता काय सांगणार!

व्यायाम म्हणाल तर सोसायटीच्या आवारात दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालणं, आणि संध्याकाळी रांगत्या बाळासारखं ओणवं होऊन उजवा हात-डावा पाय लांब करून 10 सेकंद थांबणं, मग उलट. कंबरेवर स्टीलचा रिकामा पेला ठेवायचा, तो पडता कामा नये. पहिल्या आठवड्यात तो इतक्यांदा पडला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या.