मदत हवी आहे: बाँडचा भाव ९८.५०, बिल १०,०७५ आणि खात्यात लगेच ३५५ तोटा

धागाकर्ता:
नमस्कार. शुक्रवारी ब्रोकरच्या ॲपवरून एका कंपनीचे १० बाँड घेतले. दर्शनी मूल्य प्रत्येकी १०००, कूपन (बाँडवरचे ठरलेले व्याज) ८%, व्याज दर सहा महिन्यांनी, मुदत संपायला ४ वर्षे ९ महिने. भाव ९८.५० होता. बिल असे आले: किंमत ९८५०, व्याज २००, दलाली २५.
अडलेले मुद्दे: (१) मी अजून व्याज मिळवलेले नाही, मग माझ्याकडून व्याज कसले घेतले? शिवाय मागच्या कूपनपासून खरेदीपर्यंत ८७ दिवस होतात, म्हणजे ३०/३६० पद्धतीने (महिना ३० आणि वर्ष ३६० दिवसांचे धरून) १९३.३३ यायला हवे. (२) सोमवारी ॲपमध्ये गुंतवणुकीचे मूल्य ९७२० दिसले, म्हणजे एका फटक्यात ३५५ गेले? (३) ॲपवर यील्ड (घातलेल्या पैशावरचा वार्षिक परतावा) ८.१२% आहे, माहितीपत्रकात ८.३८%. खरे कोणते? (४) व्याजदर वाढणार असे सगळीकडे वाचतोय. विकून टाकू का?

हिशेबवही:
पहिल्या दोनांचे सांगतो. स्क्रीनवरचा भाव दर्शनी मूल्याच्या टक्क्यांत असतो आणि तो क्लीन प्राइस असतो, म्हणजे साचलेले व्याज सोडून. मागच्या कूपनपासूनचे व्याज विक्रेत्याने कमावलेले आहे, पण पुढचे बाँडमागे ४० चे कूपन पूर्णच्या पूर्ण तुमच्या खात्यात पडेल. म्हणून त्याचा वाटा तुम्ही आज देता. क्लीन प्राइस अधिक साचलेले व्याज म्हणजे डर्टी प्राइस: तुमच्या बाबतीत बाँडमागे ९८५ + २० = १००५.
दिवस मात्र सौद्याच्या तारखेपर्यंत नाही, सेटलमेंटच्या, म्हणजे पैसे आणि बाँड प्रत्यक्ष हात बदलतात त्या तारखेपर्यंत मोजतात. शुक्रवारचा सौदा सोमवारी सेटल झाला, म्हणून ८७ चे ९० झाले. ८० × ९० ÷ ३६० = २०, दहा बाँडचे २००. बिल बरोबर आहे. पुढच्या वेळी दिवस मोजण्याची पद्धतही बघा. हाच बाँड प्रत्यक्ष दिवस भागिले ३६५ या पद्धतीचा असता आणि मधले खरे दिवस ९२ असते, तर व्याज प्रत्येकी २०.१६ झाले असते.
आता ३५५ फोडून बघा. २०० साचलेले व्याज, २५ दलाली, १३० खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, म्हणजे स्प्रेड. ॲप मूल्य दाखवताना ९७.२० हा विक्रीचा भाव धरते आणि साचलेले व्याज धरत नाही, पण खरेदीखर्चात ते धरलेले असते. २०० तोटा नाहीच, तीन महिन्यांनी ४०० चे कूपन येईल त्यात ते परत येतात. खरा खर्च १५५.

दशांश:
त्या १३० कडे मात्र दुर्लक्ष नको. सहा महिन्यांचे कूपन ४०० आहे. म्हणजे स्प्रेडनेच त्याचा जवळजवळ एक तृतीयांश खाल्ला. मुदत संपेपर्यंत ठेवलात तर विक्रीची बाजू लागतच नाही. वर्षाच्या आत विकणाऱ्याला मात्र हा स्प्रेड फार महाग पडतो. शेअरसारखा सतत व्यवहार कंपनी बाँडमध्ये होत नाही, बहुतेक सौदे डीलर आणि ग्राहक थेट आपसात करतात. ‘शेवटचा भाव’ तीन आठवड्यांपूर्वीचाही असू शकतो. भावाशेजारी सौद्याची तारीख आणि संख्या बघितल्याशिवाय तो भाव धरूच नये.
यील्डचे: ८.१२% म्हणजे ८० ÷ ९८५. ही नुसती चालू यील्ड. मुदतीअखेर ९८५ चे १००० होतात, ते १५ तिच्यात नाहीत. हाताने अंदाज काढायचा तर १५ ला ४.७५ वर्षांनी भागा, ३.१६ येतात. ते ८० मध्ये मिळवून ९८५ आणि १००० च्या सरासरीने, म्हणजे ९९२.५ ने भागा: ८.३८%. तुलनेसाठी हाच आकडा वापरा. त्यात एक गृहीतक आहे, की येणारी कूपनेही त्याच दराने पुन्हा गुंतवली जातील.

मुदतबंद:
चौथा प्रश्न. बाँडचा भाव म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक रकमेची आजची किंमत. सोपे पडावे म्हणून बरोबर ५ वर्षे बाकी धरा: ४० ची दहा कूपने आणि शेवटी १०००. बाजार ८% मागत असेल तर भाव १०००. ९% मागू लागला तर ९६०.४४, ७% वर आला तर १०४१.५८. पडताना ३९.५६ आणि चढताना ४१.५८, हा फरक कॉन्व्हेक्सिटीमुळे येतो, म्हणजे यील्ड आणि भाव यांचे नाते सरळ रेषेचे नसून वक्र असल्यामुळे.
तुमच्या बाँडची मॉडिफाइड ड्युरेशन (यील्ड १% हलली तर भाव साधारण किती टक्के हलतो तो आकडा) साधारण ३.८ येते. म्हणजे यील्ड १% वाढली तर दहा बाँडमागे सुमारे ३८० कमी, जवळपास एका कूपनइतके. हाच ८% चा बाँड २० वर्षांचा असता तर फटका दहा टक्क्यांच्या आसपास बसला असता.
पण दर वाढणार हे तुम्ही वाचलेत तसे सगळ्यांनीच वाचलेय. ती अपेक्षा आजच्या भावात आलेली असते. ठेवलात तर कूपन बदलत नाही, शेवटचे हजारही बदलत नाहीत, फक्त कंपनीने पैसे द्यायला हवेत. म्हणून माझ्या मते लक्ष तिथे द्या: तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्याची यील्ड आणि तुमची यील्ड यांतले अंतर दर महिन्याला लिहून ठेवा. सरकारी यील्ड जागेवर असताना अंतर वाढत गेले, तर कारण व्याजदर नाही, बहुधा बाजाराला त्या कंपनीची धास्ती वाटू लागली आहे. विकायचा विचार करायचा तो तेव्हा.

धागाकर्ता:
खूप आभार, बिल जुळले. आता ठेवतोच. दुसरा एक बाँड बघतोय: कूपन ८%, मुदत ८ वर्षे, भाव १०४, यील्ड साधारण ७.३%. माहितीपत्रकात ‘एक वर्षानंतर १०० ने कॉल’ असे लिहिलेय. हे काय?

दशांश:
थांबा, घेऊ नका. कॉल म्हणजे कंपनीला मुदतीआधी पैसे परत करून बाँड संपवायचा हक्क. भाव १०४ आहे याचा अर्थ बहुधा बाँड निघाल्यापासून बाजारात दर उतरलेत, आणि अशाच वेळी कंपनी जुने महाग कर्ज फेडून नवे स्वस्त घेते. वर्ष होताच कॉल झाला तर १०४० देऊन तुम्हाला ८० व्याज आणि १००० मिळतील. परतावा ४% च्याही खाली. ७.३% हा आकडा आठही वर्षे बाँड राहिला तरचा. मुदतीपर्यंतची यील्ड आणि प्रत्येक कॉल तारखेपर्यंतची यील्ड काढून त्यातली सर्वांत कमी धरायची, तिला यील्ड टू वर्स्ट म्हणतात. कॉलवाला बाँड घ्यायचाच तर १०० च्या खाली बघा, तिथे लवकर कॉल झाला तर उलट फायदा होतो. आणि ऑर्डर लिमिटचीच, म्हणजे जास्तीत जास्त भाव ठरवून टाका. मार्केट ऑर्डर टाकलीत तर समोर जो एखादा विक्रेता बसलाय त्याच्या भावाने सौदा होऊन जाईल.