ऑपरेशन जॅकपॉट, १९७१: वायरलेस नसताना एकाच रात्री चार बंदरं कशी गाठली?

पनवेलकरीण
नमस्कार मंडळी. बाबा नेव्हल डॉकयार्डात फिटर होते त्यामुळे आमच्याकडे ४ डिसेंबर म्हणजे सणच असायचा, कराचीवर मिसाईल बोटी कशा गेल्या ते लहानपणापासून पाठ आहे. परवा त्यांच्या जुन्या वहीत एका पानावर नुसतं "१५ ऑगस्ट ७१ - चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज" एवढंच लिहिलेलं सापडलं. बाबा आता नाहीत विचारायला. शोधलं तेव्हा कळलं की त्या रात्री मुक्तिवाहिनीच्या (पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सेनेच्या) नौदल कमांडोंनी तिथल्या या चारही बंदरांत पोहत जाऊन जहाजं उडवली, हेच ऑपरेशन जॅकपॉट, म्हणजे आपलं युद्ध सुरू व्हायच्या साडेतीन महिने आधी! दोन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. जवळ वायरलेस नाही तर चार ठिकाणच्या पोरांना "आज रात्रीच" हे कळलं कसं? आणि जहाजाला माइन लावायची म्हणजे नक्की काय करायचं, ती हातातच फुटली तर?

खाडीकाठचा
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकाशवाणी. टोळीच्या म्होरक्याकडे साधा ट्रान्झिस्टर असायचा आणि कोलकाता केंद्रावर ठरलेली दोन बंगाली गाणी लागणार होती. पहिलं लागलं की तयारीला लागा, दुसरं लागलं की हल्ला. त्यातलं दुसरं गाणं बाहुली पहिल्यांदाच सासरी निघालीय असं होतं, आपल्या भातुकलीतल्यासारखं. घराघरात ते ऐकलं गेलं असेल, पाकिस्तानी चौकीवरसुद्धा, पण अर्थ कळला फक्त या पोरांना. मला तर हे वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

पण सुरुवात थेट फ्रान्समध्ये आहे. पाकिस्तानची मांग्रो पाणबुडी तुलाँ बंदरात होती, तिच्यावर १३ बंगाली खलाशी. मार्चमध्ये पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल केल्याची बातमी आली आणि त्यातले ८ जण निसटून स्पेनमार्गे भारतात पोचले. मग पलाशीला भागीरथीच्या काठावर गुप्त कॅम्प निघाला (हो तीच प्लासी, १७५७ वाली) आणि निर्वासित छावण्यांतून पोरं निवडली, बहुतेक शाळा कॉलेजातली, नदीकाठची. पोहायला शिकवायची गरज नव्हती. तासन् तास पाण्यात राहायचं, पोटाला गमछात विटा बांधून पोहायचं, आवाज न करता पाणी कापायचं, हे शिकवलं. चितगावच्या टोळीचा म्होरक्या ए. डब्ल्यू. चौधरी त्या आठातलाच.

बोटवाला काका
दुसऱ्याचं मी सांगतो, मर्चंट नेव्हीत ३० वर्षं काढलीत. लिम्पेट माइन म्हणजे लोहचुंबक असलेला स्फोटकांचा डबा, साधारण ५ किलोचा. पोरं तो गमछाने पोटाला बांधायची, पायात फिन्स, सोबत एक सुरी, बाकी काही नाही. सुरी कशाला तर जहाजाच्या बुडाला शेवाळ, शिंपल्यांचा थर असतो, तो खरवडून लोखंड उघडं केल्याशिवाय चुंबक धरत नाही. आता विचार करा, रात्री, गढूळ पाण्यात, वर पहारेकरी फिरतोय आणि तुम्ही खाली खरवडताय, आवाज झाला की संपलं.

माइन हातात फुटत नाही कारण तिच्यात पाण्यात विरघळणारी गुटी असते, ती विरघळली की पिन सुटते आणि स्फोट होतो, तेवढ्या वेळात लांब जायचं. पण मग नदीतून पोहत जातानाच ती विरघळेल ना? म्हणून तिच्यावर कंडोम चढवायचे आणि माइन चिकटली की ओढून काढायचे. इतकी साधी वस्तू, पण त्याशिवाय हे काम झालंच नसतं. आणि भरती ओहोटीचं गणित चुकलं तर कितीही चांगला पोहणारा असो, कर्णफुलीसारख्या नदीत वाहूनच जाणार, त्यामुळे रात्र ठरवताना तेही धरावं लागतं.

चितगावला हॉर्मुझ आणि अल-अब्बास ही दारूगोळा आणणारी दोन जहाजं त्या रात्री बुडाली. पश्चिम पाकिस्तानातून पूर्वेकडे जाताना भारतावरून विमानं न्यायला पाकिस्तानला बंदी होती, श्रीलंकेला वळसा घालावा लागे, मग जड सामान समुद्रानेच आणायचं, आणि आता बंदरात उभं जहाजही सुरक्षित नाही! परदेशी कंपन्या तिकडे जहाज पाठवायला कचरायला लागल्या.

खाडीकाठचा
काका मस्त सांगितलंत. एक राहिलं, या कमांडोंच्या कामाची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते कमांडर मोहन नारायण सामंत, आपले मराठी. करंज पाणबुडीचे पहिले कप्तान तेच. डिसेंबरात ते स्वतः छोट्या बोटी घेऊन मोंगला, खुलन्यापर्यंत नदीतून आत घुसले. पद्मा आणि पलाश या दोन बोटी कोलकाता बंदराच्या, त्यांवर तोफा बसवलेल्या आणि माणसं बरीचशी बंगाली. १० डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच विमानांनी चुकून या दोघींवर हल्ला केला. पलाशवरचे रुहुल अमीन त्याच दिवशी गेले, बांगलादेशने त्यांना बीरश्रेष्ठ (त्यांचा सर्वोच्च शौर्य सन्मान) दिलं. सामंतांनी पाण्यातली माणसं उचलली आणि तरीही लढत राहिले, त्यासाठी महावीर चक्र मिळालं. आपल्याकडे किती शाळांत हे नाव सांगतात? मला याचं खरंच वाईट वाटतं. आणि ताई, सामंत ज्या बोटीवर होते तिचं नाव माहितीय का? आयएनएस पनवेल.

पनवेलकरीण
दादा, काका, मनापासून आभार. तुमचं वाचून वही पुन्हा काढली. त्याच पानावर खाली पेन्सिलीने "पनवेल" लिहिलंय, मला वाटलं होतं घरचा पत्ता लिहायला घेतला असेल.